'नॉरफोक'चं वॉलरस: ४ जुलै १९४२ च्या एका टेहळणी उड्डाणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचा पीक्यू १७ हा मालवाहू जहाजांचा काफिला २७ जून १९४२ रोजी आइसलंडच्या ह्वालफ्योर्डमधून सोव्हिएत बंदरांकडे निघाला. त्यात ३५ व्यापारी जहाजं होती, आणि त्यांच्या पोटात रणगाडे, खोक्यांत भरलेली विमानं, मोटारगाड्या आणि दारूगोळा. या काफिल्याची गोष्ट आजवर शेकडो वेळा सांगितली गेली आहे, आणि बहुतेक वेळा ती एकाच प्रश्नाभोवती फिरते: काफिला विखरून टाकायचा हुकूम लंडनहून का आला? प्रश्न मोठाच आहे. पण त्याच संध्याकाळी त्या हुकमाच्या सावलीत एक लहान प्रकरण घडलं. 'नॉरफोक' या ब्रिटिश क्रूझर युद्धनौकेने टेहळणीसाठी वॉलरस जातीचं एक सागरी विमान उडवलं, आणि ते परत येईपर्यंत क्रूझर तिथे राहिलीच नाही. इथे तेवढंच प्रकरण मांडायचं आहे. विमानातल्या माणसांची नावं घेतलेली नाहीत. त्यांच्या हुद्द्यांवर काम भागतं.

काफिल्याभोवती संरक्षणाची तीन कडी होती. अगदी जवळ कमांडर ब्रूम यांच्या विनाशिका, कॉर्वेट, सशस्त्र ट्रॉलर आणि 'पालोमारेस' व 'पोझारिका' ही दोन विमानभेदी जहाजं. ही दोन्ही मुळात फळं वाहून नेणारी जहाजं. त्यांच्यावर तोफा चढवून त्यांना लढाईला जुंपलं होतं. त्यापलीकडे रिअर अॅडमिरल हॅमिल्टन यांच्या चार क्रूझर: ब्रिटिशांच्या 'लंडन' आणि 'नॉरफोक', अमेरिकेच्या 'विचिटा' आणि 'टस्कलूसा'. आणि खूप मागे, पश्चिमेला, अॅडमिरल टोवी यांच्या मोठ्या युद्धनौका आणि 'व्हिक्टोरियस' ही विमानवाहू नौका.

थोडक्यात, काफिल्याजवळ विमानवाहू नौका नव्हती. 'एम्पायर टाइड' या व्यापारी जहाजावर एक हरिकेन लढाऊ विमान होतं, पण ते एकदाच उडवायचं. परत उतरायला जागा नाही. म्हणजे काफिल्याच्या आसपास पुन्हा पुन्हा उडू शकणारे डोळे फक्त क्रूझरांवरच होते. ब्रिटिश क्रूझरांवर वॉलरस आणि अमेरिकन क्रूझरांवर कर्टिस सीगल.

विमान आणि त्याची रीत

वॉलरस दिसायला कुणालाही जुनाट वाटेल असं विमान. दुहेरी पंखांचं, एकच इंजिन, तेही पंखांच्या मधोमध उलटं बसवलेलं, म्हणजे पंखा मागे. खाली होडीसारखं पोट. ज्या आर. जे. मिचेल यांनी स्पिटफायरचा आराखडा केला त्यांचंच हेही काम, यावर पटकन विश्वास बसत नाही. वेग जास्तीत जास्त ताशी सुमारे २१५ किलोमीटर, नेहमीच्या चालीत दीडशेच्या आसपास, आणि पल्ला साधारण साडेनऊशे किलोमीटर. आत सहसा तिघे: वैमानिक, निरीक्षक आणि बिनतारी संदेश व मशीनगन सांभाळणारा तिसरा.

जहाजावरून ते कॅटापल्टने, म्हणजे विमान झटक्याने पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडवत. हा भाग सोपा. काही सेकंदांत विमान हवेत. परत घेणं हे खरं काम. जहाज वळण घेत पाण्यावर एक सपाट पट्टा तयार करी, विमान त्या पट्ट्यावर उतरे, जहाजाच्या कुशीत येई, एक माणूस वरच्या पंखावर चढून यारीचा आकडा अडकवी आणि मग विमान उचललं जाई. तोवर जहाज मंद चालत असे. पाणबुड्यांच्या समुद्रात मंद चालणाऱ्या क्रूझरवर उभं राहून हा कार्यक्रम पाहणाऱ्या कप्तानाला काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक. जहाजाचं तोंड वाऱ्याकडे आणि मन पाणबुडीकडे.

म्हणून जहाजावरून विमान उडवायचं ठरवलं, की त्याच क्षणी आणखी एक गोष्ट ठरते: पुढच्या दोन-तीन तासांत हे जहाज कुठे असेल. विमानाने जो रस्ता डोक्यात ठेवला आहे त्या रस्त्यावर जहाज नसेल, तर विमानाला घर उरत नाही. विमानवाहू नौकेचंही हेच, पण तिला निदान विमानं उतरवण्याचंच काम असतं. क्रूझरला दुसरी दहा कामं असतात.

आर्क्टिकमध्ये यात भर पडते. जुलैत तिथे सूर्य मावळत नाही. ४ जुलैची 'रात्र' म्हणायची ती घड्याळापुरती. म्हणजे अंधाराचा आडोसा नाही, पण उबदार हवा थंड पाण्यावर आली की धुक्याचे पट्टे मात्र कधीही. इतक्या उत्तरेला होकायंत्रावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. आणि एका इंजिनाचं विमान गोठणबिंदूजवळच्या पाण्यावर उतरावं लागलं, तर माणूस पाण्यात काही मिनिटांपुरताच.

मग उडवायचंच कशाला? बर्फासाठी. हॅमिल्टन यांना काफिला जितका उत्तरेला ढकलता येईल तितका ढकलायचा होता, कारण नॉर्वेतल्या बानाकच्या विमानतळावरून येणाऱ्या जर्मन बाँबफेकी विमानांपासून अंतर वाढवायचं होतं. बर्फाची कड नक्की कुठे आहे, तिच्यात वाटा आहेत की नाहीत, हे जहाजाच्या डोलकाठीवरून फार दूरचं दिसत नाही; १९४२ च्या रडारलाही क्षितिजापलीकडचं दिसत नव्हतं. विमानातून ते अर्ध्या तासात कळतं. काम खरोखरच उपयोगाचं होतं, हे आधीच सांगायला हवं. पुढे ज्या निर्णयावर बोट ठेवायचं आहे तो 'काय' या प्रश्नाचा नाही, 'केव्हा' या प्रश्नाचा आहे.

पेच

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. अमेरिकन व्यापारी जहाजांनी सकाळी जुने झेंडे उतरवून नवे कोरे चढवले. पहाटेच 'ख्रिस्तोफर न्यूपोर्ट' या जहाजाला टॉर्पेडो लागला होता. संध्याकाळी जर्मन हाइन्केल विमानांचा मोठा हल्ला झाला. 'नाव्हारिनो' आणि 'विल्यम हूपर' गेली, सोव्हिएत टाकीजहाज 'अझरबैजान'ला मार बसला पण ते पुन्हा रांगेत येऊन मिळालं. एकूण काफिल्याचा जीव चांगला होता. ब्रूम यांना वाटत होतं, दारूगोळा पुरला तर हे निभेल.

हॅमिल्टन यांच्या हुकमात मात्र गुंता होता. क्रूझरांनी साधारण २५ अंश पूर्व रेखावृत्तापलीकडे जाऊ नये असं मूळ ठरलं होतं. 'टिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका समोर आली तर क्रूझरांनी तिच्याशी लढायचं नव्हतं. ४ जुलैला लंडनच्या अॅडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाने, पूर्वेला जायची मोकळीक दिली. टोवी यांनी त्यावर अटी घातल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास हॅमिल्टन यांनी कळवलं, की विनाशिकांत तेल भरून झालं की रात्री दहाच्या सुमारास मागे फिरतो. त्यावर अॅडमिरल्टीचं उत्तर: आणखी माहिती लवकरच मिळू शकते, पुढचा हुकूम येईपर्यंत काफिल्याजवळ राहा.

हे उत्तर नीट वाचलं पाहिजे. त्याचा अर्थ असा, की काही तासांत, कदाचित काही मिनिटांत, या चार क्रूझरांना दिशा बदलावी लागणार आहे, आणि कोणती ते आत्ता माहीत नाही. अशा वेळी 'नॉरफोक'वरून वॉलरस बर्फाच्या टेहळणीला उडालं.

जवळपास त्याच सुमाराला एकामागून एक तीन संदेश आले. पहिला लंडनहून ९ वाजून ११ मिनिटांनी सुटलेला: क्रूझर दलाने अतिवेगाने पश्चिमेकडे हटावं. दुसरा ९:२३ चा: पृष्ठभागावरच्या जहाजांच्या धोक्यामुळे काफिल्याने पांगून रशियन बंदरांकडे जावं. तिसरा ९:३६ चा: काफिल्याने विखरून जावं, म्हणजे प्रत्येक जहाजाने लगेच वेगळी दिशा धरावी. तिन्ही एकत्र वाचणाऱ्या कुणालाही वाटणारच, की टिर्पिट्झ क्षितिजापलीकडे आली आहे. हॅमिल्टन यांनाही तेच वाटलं, ब्रूम यांनाही.

आणि वॉलरस आकाशात होतं.

समोर असलेले पर्याय

हॅमिल्टन यांच्यापुढे काय काय होतं?

विमान परत येईपर्यंत थांबणं हा एक पर्याय. टेहळणीचं उड्डाण दोन-तीन तासांचं असू शकतं. तेवढा वेळ चार क्रूझर टिर्पिट्झच्या वाटेवर (म्हणजे ती येते आहे असं मानल्यास) घिरट्या घालणार, आणि शेवटी 'नॉरफोक' विमान उचलायला मंद होणार. तीन माणसांसाठी हजारो माणसं पणाला लावणं. शिवाय सरळ हुकूम मोडणं.

एक विनाशिका मागे ठेवणं हा दुसरा. कागदावर हा चांगला दिसतो. पण हॅमिल्टन यांना समजत होतं ते असं, की आता मोठी झुंज होणार. तेव्हा प्रत्येक विनाशिका टॉर्पेडोसाठी हवी. ब्रूम यांनी याच समजुतीने स्वतःच्या विनाशिकाही काफिला सोडून क्रूझरांबरोबर नेल्या. तेव्हा एका विमानासाठी एक विनाशिका बाजूला काढणं त्या घटकेला कुणाच्या मनात बसलं नसतं.

बिनतारी संदेशाने विमानाला परत बोलावणं हा तिसरा, आणि तो करायचाच होता. एरवी बिनतारी मौन पाळलं जाई, पण काफिल्यावर जर्मन बीव्ही १३८ विमानं दिवसभर घिरट्या घालत होती. जागा आता लपलेली नव्हती.

चौथा, ताबडतोब निघून जाणं.

पाचवा पर्याय मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वरच्या कुठल्याही पर्यायाबरोबर करता येतो आणि त्याला काही किंमत पडत नाही: मागे राहणाऱ्या जहाजांना सांगून ठेवणं, की आमचं एक विमान वर आहे, ते तुमच्याकडे आलं तर त्याच्यावर तोफा डागू नका, त्याला उचला.

विमानातल्या तिघांपुढचे पर्याय वेगळे. जमीन शोधावी तर पश्चिमेला बेअर बेट आणि स्पिट्सबर्गेन. तिथे जाऊन करायचं काय? मे महिन्यात स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली नॉर्वेजियन तुकडी जर्मन हवाई हल्ल्यातून वाचून कशीबशी टिकून होती, त्याखेरीज मदतीचं कुणी नाही. पूर्वेला नोव्हाया झेम्ल्या ही सोव्हिएत बेटं चारशे सागरी मैलांच्या घरात. टेहळणी करून आलेल्या विमानाच्या तेलात ते बसत नाही. दक्षिणेला मुर्मान्स्क, आणि मधे जर्मन विमानांचा समुद्र. म्हणजे राहिलं एकच: जहाज शोधणं. आणि ते सापडलं तर ते विमानावर गोळ्या झाडणार नाही अशी आशा करणं. दिवसभर हल्ले सोसलेल्या तोफचीला पंख दिसले की आधी बोट चालतं, मग डोकं.

काय केलं

हॅमिल्टन लगेच वळले नाहीत. सुमारे अर्धा तास ते पूर्वेकडेच जात राहिले आणि तेवढ्या वेळात वॉलरसला परत बोलावायचे प्रयत्न झाले. ते यशस्वी झाले नाहीत. साडेदहाच्या सुमारास क्रूझर २५ नॉट वेगाने पश्चिमेला वळल्या. वळताना हॅमिल्टन यांनी काफिल्याच्या दक्षिणेकडून रस्ता घेतला, म्हणजे शत्रू ज्या बाजूने यायची शक्यता त्या बाजूला आपण राहू. व्यापारी जहाजांवरच्या लोकांनी मात्र पाहिलं ते एवढंच, की आपल्या संरक्षणाला आलेल्या मोठ्या नौका भरधाव पश्चिमेला निघून गेल्या.

थोडा हिशोब करून पाहू. २५ नॉट म्हणजे तासाला २५ सागरी मैल. वॉलरस आणखी दोन तासांनी परत आलं असं धरलं, तर 'नॉरफोक' ठरलेल्या जागेपासून पन्नास मैल दूर, आणि तेही विमानाला माहीत नसलेल्या दिशेला. वाटेत धुक्याचे पट्टे. वॉलरसने तिला गाठायचं ठरवलं असतं तरी कुठे बघायचं हेच कळलं नसतं.

वैमानिकाने केलं ते योग्यच होतं. क्रूझर नाहीत हे दिसल्यावर त्याने पांगत चाललेल्या काफिल्याच्या आसपास राहिलेलं जहाज गाठलं आणि 'पालोमारेस'जवळ पाण्यावर उतरला. 'पालोमारेस'वर कॅटापल्ट नव्हता. त्यांनी विमानाला दोर बांधला आणि मागे ओढत नेलं. जर्मन पाणबुड्या आणि विमानं एकेक जहाज टिपत होती त्या समुद्रात, हे जहाज आपल्या मागे एक होडीपोट्या विमानाचं शेपूट घेऊन पूर्वेला चाललं होतं.

काय झालं

'पालोमारेस' आणि आणखी काही जहाजं नोव्हाया झेम्ल्याच्या मातोच्किन सामुद्रधुनीत आसऱ्याला पोहोचली. तिथून ७ जुलैच्या संध्याकाळी एक छोटा काफिला करून निघाली. वाटेत पुन्हा विमानांचे हल्ले झाले, 'हूझिअर' आणि 'एल कॅपिटान' ही दोन जहाजं गेली, आणि उरलेली ११ जुलैला अर्खांगेल्स्कला लागली.

टिर्पिट्झचं काय? ४ जुलैच्या त्या घटकेला ती समुद्रावर नव्हतीच. ती ५ जुलैला दुपारी नॉर्वेतल्या आल्टाफ्योर्डमधून निघाली आणि त्याच संध्याकाळी मागे फिरली. काफिल्याचा घात पाणबुड्यांनी आणि विमानांनी केला. ३५ पैकी २४ व्यापारी जहाजं बुडाली, १५३ खलाशी गेले. ४३० रणगाडे, २१० विमानं आणि ३,३५० मोटारगाड्या तळाला गेल्या.

बर्फाबद्दलची माहिती, जिच्यासाठी हे सगळं झालं, ती हॅमिल्टन यांच्या हाती आलीच नाही. आणि आता ती क्रूझरांपेक्षा विखुरलेल्या जहाजांना जास्त हवी होती. 'आयर्शायर' या ट्रॉलरवरचे लेफ्टनंट ग्रॅडवेल 'आयर्नक्लॅड', 'ट्रुबाडूर' आणि 'सिल्व्हर स्वोर्ड' या तीन जहाजांना घेऊन बर्फातच घुसले. जहाजांना पांढरा रंग फासला, डेकवर बांधलेल्या रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या, आणि शोध थंडावल्यावर बाहेर पडून चौघंही वाचली. त्यांनी हे चाचपडत केलं. वरून कडेचा अंदाज मिळाला असता तर आणखी कितीजण त्या वाटेने गेले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणात हॅमिल्टन यांना 'विमान टाकून गेले' असा दोष देण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. त्यांनी सरळ हुकूम हातात असताना अर्धा तास काढला, आणि तो शत्रूकडे पाठ न करता, चालत राहून काढला. टिर्पिट्झ नव्हती हे आपल्याला आज माहीत आहे, म्हणून दोन तास थांबले असते तरी चाललं असतं असं म्हणता येतं. लंडनमध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातले डेनिंग यांचं मत टिर्पिट्झ अजून बाहेर पडलेली नाही असंच होतं, पण ते मत क्रूझरांपर्यंत पोहोचलं नाही. पोहोचला तो निव्वळ हुकूम. कारणं न देता आलेला हुकूम, शेवटी थांबायचं किती हे ठरवू देत नाही. हॅमिल्टन यांनी त्या तुटपुंज्या माहितीवर जी मर्यादा आखली ती मला माणुसकीची आणि शहाणपणाचीही वाटते.

निर्णयाची खरी जागा त्याआधीची आहे. 'पुढच्या हुकमाची वाट पाहा' असा संदेश आलेला असताना विमान उडवणं म्हणजे जहाजाच्या पुढच्या दोन तासांच्या हालचालीचं वचन देणं, आणि ते वचन आता आपल्या हातात उरलेलं नव्हतं. बर्फाची टेहळणी दुपारी करता आली असती, हुकूम स्पष्ट होईपर्यंत पुढे ढकलता आली असती. किंवा त्याच संध्याकाळी करायचीच असेल, तर विमानाचं दुसरं घर उड्डाणापूर्वीच ठरवून द्यायचं: आम्ही नसलो तर काफिल्यातलं अमुक जहाज. हे काही तेव्हा न सुचण्याजोगं नव्हतं. पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानाची सगळी ताकद त्यातच आहे. दोनच दिवसांपूर्वी, २ जुलैला, जर्मनांनी याच काफिल्याच्या तोफांखाली ते करून दाखवलं होतं: एक हाइन्केल ११५ पडलं, आणि दुसरं हाइन्केल ११५ गोळ्यांच्या वर्षावात समुद्रावर उतरून त्याच्या माणसांना घेऊन उडालं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. क्रूझरांना दर क्षणी हुकूम बदलण्याची भीती बाळगायची म्हटलं तर विमान कधीच उडणार नाही, आणि मग ते वाहून न्यायचंच कशाला? हे खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या संध्याकाळी ती भीती नेहमीची नव्हती. ती लेखी आली होती.

ब्रिटिश नौदलाने पुढे हा प्रश्न वेगळ्या रस्त्याने सोडवला. १९४३ पासून क्रूझरांवरचे कॅटापल्ट आणि विमानं उतरवायला सुरुवात झाली; रडार सुधारलं होतं, आणि काफिल्यांबरोबर छोट्या विमानवाहू नौका येऊ लागल्या होत्या. सप्टेंबर १९४२ मधल्या पीक्यू १८ बरोबर 'अॅव्हेंजर' होती: बारा सी हरिकेन लढाऊ विमानं, तीन स्वोर्डफिश विमानं. तिलाही विमानं उडवायला आणि उतरवायला वाऱ्याकडे तोंड करून काफिल्यापासून बाजूला जावं लागे. पण त्यासाठी तिच्याबरोबर स्वतःच्या दोन विनाशिका आधीपासून नेमून दिलेल्या होत्या, आणि पाण्यात पडणाऱ्या वैमानिकाला कोण उचलणार हा प्रश्न उड्डाणानंतर विचारावा लागत नव्हता. त्या मोहिमेत चार हरिकेन पाण्यात गेली, त्यांतले तीन वैमानिक जिवंत बाहेर काढले गेले.